बिबट्या, मण्यार आणि हेल्मेट

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत अंधार पडायला लागला की वस्त्यांची दारं लागतात. पोरं अंगणातून आत येतात, शेळ्या जाळीच्या गोठ्यात जातात. ज्याच्या मोटारीची लाईट रात्रीची असते, तो डोक्याला मफलर गुंडाळून, काठी आणि बॅटरी घेऊन उसाकडे निघतो. बिबट्याची भीती इथे रोजच्या वेळापत्रकातच बसलेली आहे.

या भीतीबद्दल दोन म्हणणी कायम कानावर येतात. एक म्हणतं, आकडे बघा, तुम्ही भलत्याच गोष्टीला घाबरताय. दुसरं म्हणतं, आकडे सांगणाऱ्याने एक रात्र इथे काढावी. ही दोन म्हणणी मी नारायणगावजवळच्या मळ्यातले एक मामा आणि पुण्यात विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करणारी त्यांची भाची यांच्या तोंडी घातली आहेत. माणसं कल्पित आहेत, पण दोघांचं म्हणणं खरं आहे. दोन्ही मला पटतात आणि दोन्ही एकमेकांना पुरी पडत नाहीत, म्हणून हा संवाद.

भाची: मामा, मामी सांगत होती, तुम्ही यंदा जत्रेतला तमाशासुद्धा सोडलात. विठाबाई नारायणगावकरांच्या गावाशेजारचा माणूस आणि तमाशाला जात नाही?

मामा: तमाशा संपतो कधी ते तुला माहीत आहे. तिथून वस्तीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून. एकट्याने यायचं तर जीव मुठीत धरून यायचं. मागल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरची कालवड नेली. दावणीवरची. मग घरातच बसलेलं बरं.

भाची: कालवड नेली हे खरं. पण माणसांचं बोलू. या सगळ्या तालुक्यांत मिळून बिबट्यामुळे वर्षाला जाणारी माणसं बोटांवर मोजता येतात. सापामुळे आपल्या देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांतला हा अंदाज आहे, एकूण १२ लाखांच्या आसपास. आणि रस्त्यावर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं गेली. तुम्ही मोटारसायकलवर नाशिक हायवेने बिनधास्त जाता, आणि बिबट्यापायी तमाशा सोडता.

मामा: तू आकडा देशाचा सांगतेस, पोरी. भीती माझ्या बांधावरची आहे. दादरला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला बिबट्याचा धोका किती? काहीच नाही. त्याला आणि मला एकाच बेरजेत घालून तू भागाकार करणार, आणि उत्तर आलं की म्हणणार, मामा, धोका किती लहान! ज्यांच्या दारात ऊस आहे, ज्यांना रात्री पाण्याची दारं धरायला जावं लागतं, ज्यांची पोरं पायवाटेने शाळेत जातात, तेवढ्यांचाच हिशेब मांड. मग बघ लहान आहे का.

भाची: हे बरोबर आहे. आमच्या कामातही पहिला प्रश्न हाच असतो, की धोक्यासमोर उभं कोण आहे. पण मग तुमच्याच बांधावरचा हिशेब करू. त्याच रात्री, त्याच सरीत, तुमच्या पायात काय असतं?

मामा: चप्पल. चिखल फार असला तर तीही काढतो.

भाची: आणि बॅटरीचा उजेड कुठे असतो?

मामा: उसात. डोळे चमकतात का ते बघायला नको?

भाची: म्हणजे उजेड उसात आणि पाय अंधारात. पाचटात उंदीर आहेत, उंदरांमागे घोणस आहे. साप चावतो तो बहुतेक वेळा पायाला, घोट्याच्या आसपास. बिबट्याला बघण्यासाठी तुम्ही बॅटरी वर धरता आणि ज्याच्यावर पाय पडण्याची शक्यता कितीतरी जास्त, त्याच्यावरचा उजेड काढून घेता. मामा, बिबट्याला घाबरू नका असं मी म्हणतच नाही. एका भीतीने दुसऱ्या भीतीचा सगळा उजेड घेतलाय, एवढंच माझं म्हणणं आहे.

मामा: साप आम्हाला नवीन नाही. जन्म गेला सापांत.

भाची: म्हणूनच तर. सवय झाली की धोका कमी झाल्यासारखा वाटतो. मण्यारीचंच घ्या. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. चावली तरी कित्येकदा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होतं, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, रात्री काहीतरी वाईट खाल्लं असेल. ओवा देतात. तोवर श्वासाचे स्नायू हात टेकायला लागतात. याच्यावरचा उपाय किती साधा आहे! खाटेवर झोपायचं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची.

या ठिकाणी मला भाचीच्या बोलण्यात थोडी भर घालावीशी वाटते. आपल्याकडे सापाने जाणारे बहुतेक जीव चार जातींच्या दंशाने जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चारही विषांवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही, हे ओळखण्याची चाचणी तर कुठल्याही यंत्राशिवाय होते. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ठेवायचं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त गोळा होऊन जागेवर राहिलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात काम करतंय, लस लगेच सुरू करायची. ती वीस मिनिटं नातलगांना फार लांब वाटतात, आपल्या माणसासाठी कुणी काहीच करत नाही असं वाटतं, आणि तेवढ्यात कुणीतरी देवर्षीकडे न्यायची गोष्ट काढतं. म्हणून ही नळी काय सांगते ते गावातल्या प्रत्येकाला आधीच माहीत हवं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे डॉक्टर वर्षानुवर्षं हेच समजावत आले आहेत: आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलवू न देता तडक दवाखाना गाठा.

मामा: तू सांगतेस ते पटतं. पण एक विचारतो. साप चावला तर दवाखाना आहे, लस आहे. विंचवाचंही तसंच झालं. आमच्या लहानपणी कोकणातून येणारे लोक सांगायचे, तांबडा विंचू चावला की पोर हाती लागायचं नाही.

भाची: खरं आहे ते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर त्याच्याशीच झगडले. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी विंचूदंशावर चालते हे त्यांनी रुग्णांवर पाहून दाखवलं, १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत, ते प्रमाण पुढे एक-दोनवर आलं. विंचू तोच, कोकण तेच. पण आता महाडमधली आई रात्रभर ऊर बडवत बसत नाही, रिक्षा करून दवाखान्यात जाते.

मामा: तेच म्हणतोय मी! विंचवाची भीती गेली ती कुणी आकडे सांगितले म्हणून गेली का? हातात काहीतरी आलं म्हणून गेली. बिबट्यासमोर माझ्या हातात काय आहे? काठी! आणि साप काही माझ्या मागावर नसतो. पाय पडला तर चावतो. बिबट्या बसून बघत असतो. आपण वाकलो, की आपली उंची शेळीएवढी. उसात खुरपताना, संडासला बसताना, पोर खाली वाकून काही उचलताना. आपल्याला कुणीतरी भक्ष्य म्हणून बघतंय, हे अंगावर येतं ते तुझ्या भागाकारात कुठे मांडणार?

भाची: तिथे माझा हिशेब थांबतो, हे मान्य. यावर अभ्यास झालाय. पॉल स्लोविक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलंय, की माणसं नुसतं किती मेले हे मोजून घाबरत नाहीत. ज्यावर आपला ताबा नाही, जे दिसत नाही, ज्यात मरण भयंकर आहे, त्याची भीती कितीतरी पट मोठी वाटते. मोटारसायकलचं हँडल तुमच्या हातात असतं, म्हणून हायवे आपला वाटतो.

मामा: आणि लाईट कधी येणार ते माझ्या हातात नसतं. मला रात्री उसात पाठवतं कोण? बिबट्या नाही पाठवत. थ्री फेजचं वेळापत्रक पाठवतं. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घड्याळ लावून उठायचं. नाही गेलं तर ऊस वाळतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं शहाणपण सांगणारा कुणी दोन वाजता माझी मोटार चालू करायला येत नाही.

मला वाटतं, मामांच्या या एका वाक्याने सगळ्या वादाची जागा बदलते. भीती अवास्तव आहे की वास्तव, एवढंच आपण विचारत बसतो. ती माणसावर कोणी लादली आहे, हे क्वचितच विचारतो. रात्रीची पाळी काढून टाकली तर बिबट्या, घोणस, विजेचा धक्का आणि अर्धवट झोपेत चालवलेली मोटारसायकल, चारही धोके एकदम कमी होतात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, २०२३ मध्ये तिचा पुढचा टप्पा आणला. ज्या फीडरवर ती पोहोचली तिथला शेतकरी उन्हात दारं धरतो. जिथे पोहोचलेली नाही तिथल्या माणसाला धीर धरायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

भाची: दिवसाच्या लाईटसाठी तुम्ही भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण गावकरी भांडतात कशासाठी? पिंजरे लावा, सगळे बिबटे उचलून न्या.

मामा: ज्याचं पोर गेलं त्याच्यासमोर उभं राहून पिंजरा लावू नका म्हणशील?

भाची: नाही म्हणणार. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराला पकडलंच पाहिजे. पण दिसला बिबट्या की उचला, याचा अनुभव इथलाच आहे. २००१पासून जुन्नरमधून शंभराहून जास्त बिबटे धरून दुसरीकडच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. आधी, १९९३ ते २००१ मध्ये, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. ही धरपकड सुरू झाल्यावर ते सरासरी सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, परत फिरतं, आणि इथली रिकामी जागा दुसरं जनावर घेतं. लोकांना बरं वाटावं म्हणून केलं आणि लोकांचेच जीव गेले. अमेरिकेतही असंच झालं. २००१च्या विमानहल्ल्यांनंतर लोक विमानाऐवजी गाडीने जायला लागले. गेर्ड गिगेरेन्झर या अभ्यासकाच्या अंदाजाने त्यामुळे पुढच्या वर्षभरात सुमारे दीड हजार माणसं रस्त्यावर जास्तीची मेली. भीती घाईने खर्च केली की अशी महागात पडते.

मामा: मग काय करायचं? बिबट्या उसातच जन्मतो आता. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. मादीला बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठली? तोडणीच्या वेळी बछडी सापडतात, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. वन खात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं येतात, संध्याकाळी त्याच फडात क्रेटमध्ये ठेवतात. रात्री आई येते, एकेक उचलून नेते. मी बघितलंय. त्या वेळी फडातला एकही माणूस मारा म्हणत नव्हता. तोडकरी बाया तर हात जोडून उभ्या होत्या.

भाची: मग त्याच फडाच्या कडेला, कोपीत, त्या बायांची पोरं कुठे झोपली होती?

मामा: खाली. पाचटावर. गोधडी टाकून.

भाची: बिबट्या, मण्यार, चूल, सगळंच त्यांच्या उशाला. सापाने जाणाऱ्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त मुलं असतात, पंधरा वर्षांच्या आतली. भीतीचं माप काढायचं तर सगळ्यात आधी त्या कोप्यांचं काढू. आणि वस्तीभोवतीची भटकी कुत्री कमी करा, कोंबड्यांची घाण आणि मेलेली जनावरं उघड्यावर टाकू नका. शेजारच्या अकोले तालुक्यात पाहिलंय, बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. तो येतो त्यांच्यासाठी.

मामा: हे सगळं करू. पण आता माझं ऐक. तू दिवाळीला आलीस तेव्हा लेकीला चार दिवस अंगणात पाऊल टाकू दिलं नाहीस. भरदुपारी! माझी नातवंडं गोठ्यासमोर खेळत होती, आजी पायरीवर बसलेली, आणि तुझी लेक खिडकीतून बघत होती. मी काही बोललो नाही. पण तिला पुण्यात शाळेत कशी सोडतेस?

भाची: स्कूटरवर.

मामा: पुढे उभी करून. हेल्मेट?

भाची: माझं असतं. तिचं… तिच्या मापाचं आणलेलं नाही.

मामा: सहा वर्षांची ना ती? मग सांग आता तुझा आकडा. एवढे आकडे पाठ आहेत तुला.

भाची: २०२२ मध्ये हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली १४,३३७ चालवणारी नव्हती, सोबत बसलेली होती. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे.

मामा: बघ. तुला उसातलं दिसतं, मला स्कूटरवरचं दिसतं. परक्या मुलखातला धोका माणसाला लगेच दिसतो, रोजच्या वाटेवरचा दिसत नाही. मला माझा नाही दिसला, तुला तुझा नाही दिसला. मी तुला टाकून बोलत नाही, पोरी. पण चार दिवस अंगण बंद करून तू तिचा कुठला धोका कमी केलास? आणि तिला काय मिळालं नाही? कालवडीला चारा घालायचं, चिंचा वेचायचं, भावंडांबरोबर धुळीत लोळायचं. ते परत कधी?

भाची: तुम्ही तरी काय मिळवलंत तमाशा सोडून? तुम्हाला ढोलकीची पहिली थाप ऐकली की उठून उभं राहायची सवय. तुम्ही चार माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गात परत यायचात. आता त्याच वेळी तुम्ही टीव्हीवर बिबट्याचे व्हिडिओ बघता. दुसऱ्या जिल्ह्यातले, मागल्या वर्षीचे.

मामा: ट्रॉलीने गेलो असतो तर गेलो असतो. चारजण मिळाले असते तर. एकेकट्याच्या भीतीचं हेच वाईट, की बाकीच्यांनाही दार लावायला शिकवते. आम्ही एकमेकांना विचारलंच नाही.

भाची: आता शेवटचं विचारते. रक्तदाबाची गोळी?

मामा: मामीने सांगितलं वाटतं.

भाची: सांगितलं.

मामा: चक्कर येत नाही, डोकं दुखत नाही. बंद केली.

भाची: त्रास होत नाही हेच त्या आजाराचं लबाड लक्षण आहे. २०२३ साली देशभराच्या मोठ्या पाहणीत दिसलं, की शंभरातल्या पस्तीसहून जास्त प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. हा उसात डोळे चमकवत नाही, गुरगुरत नाही. एखाद्या सकाळी अर्धं अंग लुळं करून जातो. तुम्हाला बिबट्याची जेवढी भीती वाटते ना, त्यातली थोडी या गोळीच्या नावाने काढून ठेवा. बाकीच्या भीतीने काठी-बॅटरी घ्या, गमबूट घाला, आणि मग जत्रेला जा. काळजी घेऊन झाल्यावरही घरातच बसायचं असेल, तर काळजी घेतली कशासाठी?

मामा: गमबूट आणतो. गोळी आज रात्रीपासून. पण तूही कबूल कर, की पहाटे उसातून सळसळ आली तर माझ्या छातीत धस्स होणारच, आणि ते वेडेपणाचं नाही.

भाची: कबूल. त्या धस्स होण्यानेच तुम्ही कान देता आणि थांबता. ते मला तुमच्याकडून काढून घ्यायचं नाही.

मामा: मग ग्रामसभेचा अर्ज लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. आपल्या फीडरला दिवसाची लाईट. शाळेच्या वाटेवरचा ऊस दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट मागे. आणि तोडणी चालू असेपर्यंत कोप्यांना खाटा नि मच्छरदाण्या, कारखान्याने द्याव्यात नाहीतर आम्ही बागायतदारांनी वर्गणी काढावी.

भाची: पोरांना दिवसा सांभाळायला एखादी खोलीही मागा. बाया फडात असतात तेव्हा पोरं बांधावरच असतात.

मामा: तेही घाल. खाली पहिली सही माझी. दुसरी तुझी चालायची नाही, तुझं मतदान पुण्याला. मामीला हाक मार, दुसरी तिची घेऊ.